मंगळवारची मीनाबाई

मीनाबाई दर मंगळवारी कामावर यायची आणि कॉम्प्युटर दर मंगळवारी तिला गैरहजर धरायचा. आणखी एक मंगळवार बुडला तर बाईचं नाव कमी करणार, असं मॅनेजरसाहेबांनी सांगून टाकलं. गिरणीत झाडलोटीवर ती नुकती कुठे कायम झाली होती.

"मी आले हुते की, साहेब. मुकादमाला इचारा," ती कॉम्प्युटरच्या खोलीच्या दारातूनच म्हणाली.

"मुकादम खोटं बोलेल, कॉम्प्युटर नाही," हे साहेबांचं उत्तर. त्रिंबकला हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना. सत्त्याहत्तर साली सोलापुरात ते यंत्र सांभाळणारा प्रोग्रामर तो. यंत्राचा खरेपणा त्याच्याइतका कुणाला ठाऊक?

त्यानं मुख्य प्रोग्रामची कार्डं काढली. सुरू झाल्यावर यंत्र आधी ही भोकांची कार्डं वाचायचं, मगच बाकीच्या कामाला लागायचं. गठ्ठ्याच्या मध्येच कुणीतरी घालून ठेवलं होतं, की आज मंगळवार असेल तर काम घेऊ नये. का, तर देव जाणे!

"मंगळवारी ते अडून बसतंयच की," ऑपरेटर नागनाथ म्हणाला. "म्हणून आमी त्याला मंगळवारी सोमवारचीच तारीख देतो. गुमान चालतंय."

"कधीपासून?"

"आल्यापास्नं."

"आणि मंगळवारची हजेरी?"

"ती आपोआप पडती. महिपतीसाहेबांनी सोय करून ठेवलीय."

महिपती म्हणजे त्रिंबकच्या आधीचा प्रोग्रामर. आता तो कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात होता. रविवारी त्रिंबक गाडीनं त्याच्या घरी जाऊन थडकला.

"तो मंगळवार माझा नव्हे हो," महिपतीनं आधी हात झटकले. "यंत्र मुंबईच्या गिरणीतून जुनं घेतलं ना, तिथं मंगळवारी वीज बंद असायची. अर्ध्यावर काम बुडू नये म्हणून तिथल्या कुणीतरी ते घातलं. इथं आल्यावर त्याला सोमवारची तारीख देऊन चालवायचं ठरलं. पण मग यंत्राच्या लेखी मंगळवार उजाडेचना! म्हणून मी सोमवारची हजेरी उचलून मंगळवारला चिकटवली. सोमवारी आलेला माणूस मंगळवारी येतोच की."

मीनाबाईची सुट्टीच सोमवारी. रविवारी गिरणी बंद असताना झाडायचं, म्हणून सुट्टी दुसऱ्या दिवशी. बाकीच्या झाडणाऱ्या बदलीवरच्या, कायम नसलेल्या, त्यांची नावं यंत्रात नव्हतीच.

"अहो, मग तो मंगळवारच काढून टाकायचा!" त्रिंबक जवळजवळ ओरडलाच.

"मुख्य प्रोग्रामला हात लावायचा? आणि यंत्र बंद पडलं म्हणजे?" महिपतीनं शांतपणे चहा बशीत ओतला. ती बशी त्याच्या डोक्यात घालावी असं त्रिंबकला मनापासून वाटलं. परतीच्या गाडीत तो मुंबईच्या त्या अनोळखी माणसापासून नागनाथपर्यंत सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या घालत होता.

मंगळवारी त्यानं मुंबईची ती कार्डं उपसून काढली. यंत्र मुकाट बसलं. दुसरंच काहीतरी त्या कार्डांवर टेकून उभं होतं, आणि काय ते सापडेना. कार्डं परत घातली, यंत्र लगेच चाललं.

"तरी म्हनलं," नागनाथ म्हणाला.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे नोंद चुकते, यंत्र चालतंय. मग बाईची नोंद तेवढी दुरुस्त करा. यंत्राला हात लावू नका."

संध्याकाळी हजेरीचा कागद फाटकावर लागायचा होता. त्रिंबकनं दात-ओठ खात एका नव्या कार्डाला भोकं पाडली: मीनाबाई मंगळवारी हजर. महिपतीच्या कार्डांखाली ते सरकवलं. बाईची नोकरी वाचली. दुसऱ्या दिवशी तिनं शेंगाचटणी आणून दिली, ती खाताना त्याला स्वतःची लाज वाटत होती.

दिवाळीनंतर एका मंगळवारी मीनाबाई आली नाही. बुधवारी मात्र ती दारात न थांबता तरातरा आत शिरली.

"काल माजी सासू गेली, साहेब. मी घरी हुते. फाटकावरच्या कागदात मी हजर! मुकादम इचारतोय, आलीवतीस तर झाडलं का न्हाईस? त्याला काय सांगू?"

त्रिंबकनं हजेरीचा कागद ओढून पाहिला.

"आले तवा न्हाय म्हणत हुतं, न्हाय आले तवा हाय म्हणतंय. तुमच्या मशीनला मी दिसते तरी का?"

त्रिंबकचा हात सवयीनं कोऱ्या कार्डाकडे गेला होता.