दोन्ही कान दिसले पाहिजेत

फोटो मंजूर झाला, व्हिसा आला आणि ती गेली. आता हे वाचलंच नाही असं समजा. ती कुठेही गेलेली नाही. बाबांच्या स्टुडिओतल्या फिरत्या स्टुलावर ती ताठ बसली आहे आणि बाबा तिची हनुवटी दोन बोटांनी डावीकडे सरकवतायत, फळीवरची बरणी सरकवावी तशी.

“कान,” बाबा म्हणाले.

तिनं केस कानांमागे सारले. तसे तिचे कान लपणाऱ्यातले नव्हतेच. जन्मल्यापासून ते डोक्याशी फटकून राहत आले होते. म्हणून घरात तिला ससा म्हणत, आणि बाबा लाडात असले की सश्या.

“दोन्ही कान दिसले पाहिजेत. डोळे उघडे, तोंड बंद, हसू नाही. चेहरा चौकटीच्या मध्यभागी.” नियमांचा तक्ता बाबांच्या मागेच भिंतीवर लावलेला होता, पण त्यांना तो बघावा लागत नसे. तक्ताच काही विसरला असता तर त्यानं बाबांना विचारलं असतं.

“हसू नाही म्हणजे किती नाही?”

“तुझ्या आत्याच्या लग्नाच्या फोटोत तिच्या नवऱ्याला जितकं नाही, तितकं.”

ती हसायच्या बेतात होती, तिनं ओठ आवळले आणि फ्लॅश पडला.

स्टुडिओ म्हणजे घराचीच पुढची खोली. मधे पडदा, पडद्यामागे स्वयंपाकघर, त्यामुळे कित्येक लोकांच्या गंभीर चेहऱ्यामागे फोडणीचा ठसका आहे, फक्त तो फोटोत दिसत नाही. आसपासच्या गल्ल्यांतून जो कुणी परदेशी गेला, तो या स्टुलावर टेकूनच गेला. बाबांनी काढलेला फोटो आजवर व्हिसाच्या कुठल्याच खिडकीवरून परत आला नव्हता. माणसं परत आली होती, फोटो नाही. फोटो कापून झाले की बाबा ते कागदी पाकिटात घालत, पाकीट डिंकानं चिकटवत आणि वर स्टुडिओचा शिक्का मारत. ते पाकीट त्यांच्यासमोर उघडून बघणं म्हणजे जेवायला बसल्यावर ताटाचा वास घेऊन बघण्यासारखं होतं. तिनंही ते न उघडता कागदपत्रांत ठेवून दिलं.

ती पूल बांधायचं शिकायला चालली होती. चार वर्षं. शिष्यवृत्तीत एकदा जायचं आणि एकदा यायचं तिकीट होतं, मधे यायचं नव्हतं.

“पूल शिकायला एवढ्या लांब?” आत्यानं विचारलं होतं. “आणि इथल्या नद्या आम्ही उड्या मारून ओलांडायच्या का?”

विचारून झाल्यावर आत्या तिच्या गळ्यात पडून पोटभर रडली. मामानं बॅग वजन करायचा काटा दिला. मामीनं लोकरीचे मोजे दिले, ते एवढे जाड होते की त्यांच्यावरून बूट घालायचा तर बूट आधी कापावा लागला असता. असा घरोघर निरोप घेऊन ती परत आली आणि पाठोपाठ व्हिसा केंद्रातून फोटोही परत आला. शेरा होता: अर्जदाराचे डोळे मिटलेले आहेत.

निरोप घेतलेल्या माणसानं पुन्हा भाजीच्या गाडीवर दिसू नये. दुसऱ्या दिवशी आत्यानं तिला कोथिंबीर निवडताना पाहिलं आणि ती तडक घरी आली.

“हे बघ, मी एकदा रडलेय. आता विमान उडालं की रडेन. उधारीवर मला जमायचं नाही.” मग तिनं स्टुडिओच्या दिशेनं मान उडवली आणि आवाज खाली आणला. “आणि काय गं, याच्या हातून मिटलेल्या डोळ्यांचा फोटो? दादाच्या? मुद्दाम केलंय त्यानं.”

“मुद्दाम कशाला करतील?”

“तू जाऊ नयेस म्हणून. रुसलाय तो. तुझं ते पत्र आल्यापासून तुझ्याकडे सरळ बघतो तरी का? बोलतो तुझ्याशी आणि बघतो घड्याळाकडे.”

हे खरं होतं. शिष्यवृत्तीचं पत्र आलं त्या सुमारापासून बाबा तिच्याशी बोलताना मान वळवून शेजारच्या भिंतीकडे बघत. जेवतानाही “मीठ दे” हे त्यांनी घड्याळाला सांगितलं होतं आणि ते तिनं दिलं होतं. लहानपणी दुकानातून न विचारता चॉकलेट उचललं तेव्हा ते असेच आठवडाभर अबोल होते. तेव्हा निदान मीठ तरी मागत नव्हते.

आत्याचं म्हणणं तिला पटलं. एवढंच नाही, आवडलं. ज्या माणसानं आयुष्यात नियमाबाहेरचा एक केस फोटोत येऊ दिला नाही, तो तिच्यासाठी चक्क घोटाळा करत होता. रात्री पांघरुणात तिला याचं हसू आलं आणि मग बराच वेळ काही आलं नाही, झोपसुद्धा.

दुसरा फोटो काढला तेव्हा बाबांनी कान तपासले, खांदे सरळ केले, पडद्यावर सावली पडत होती म्हणून दिवा हलवला. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या स्क्रीनकडे तिरकं बघून म्हणाले, “कान आलेत दोन्ही.” पाकीट चिकटवलं, शिक्का मारला.

या वेळी तिनं न्हाणीघरात जाऊन पाकीट वाफेवर धरलं. आत दोन छोट्या मुली होत्या, दोघींचे डोळे मिटलेले, चेहरे अगदी समाधानी. तिनं पाकीट पुन्हा चिकटवलं आणि तसंच नेऊन खिडकीवर दिलं. बाबांना आणखी थोडे दिवस हवे होते. तिलाही हवे होते. बापलेकींनी न बोलता केलेला हा पहिलाच गुन्हा होता आणि तो उत्तम चालला होता.

खिडकीवरच्या बाईंनी फोटो बघितला, तिला बघितलं. “झोपेत काढून घेता का?”

“घरचेच फोटोग्राफर आहेत.”

“मग घरच्यांना सांगा, अंगाई नका म्हणू. यानंतर एकदाच संधी आहे, मग फाइल बंद. तो कोपरा बघा, तिथे मशीन आहे. नाणी टाकली की फोटो.”

सुगरणीच्या मुलीनं खानावळीकडे बघावं तसं तिनं मशीनकडे बघितलं आणि ती घरी आली.

आता मात्र मजा संपवायला हवी होती. बाबांना हसवावं, रुसवा काढावा, मग पुढचं सरळ बोलता येईल, असं तिनं ठरवलं. त्यावर तिच्याकडे हमखास उपाय होता. ती लहान असल्यापासून या स्टुलावर बसली की वेडंवाकडं तोंड करायची, आणि बाबा कॅमेऱ्यामागून ओरडायचे, “तोंड नीट कर, लेन्स तडकेल.” एवढं झालं की दोघंही हसायचे. यात कधी खंड पडला नव्हता.

ती बसली. बाबांनी कान तपासले. ते कॅमेऱ्यामागे गेल्यावर तिनं डोळे नाकाकडे वळवले, गाल फुगवले आणि जीभ बाहेर काढली, हनुवटीपर्यंत.

“छान,” बाबा म्हणाले. “अगदी अस्संच. हलू नकोस.”

फ्लॅश पडला. बाबांनी स्क्रीन तोंडाजवळ आणली, मान एकीकडे वळवून तिरकं बघितलं.

“कान आलेत दोन्ही. या वेळी उत्तम आलाय.”

जीभ बाहेरच होती. ती आत घ्यायची असते हे तिला जरा वेळानं आठवलं.

पडद्याआड आई डाळ धूत होती. तिनं पाणी ओतलं आणि मान वर न करता विचारलं, “झाला का फोटो?”

“आई, बाबांना दिसत नाही.”

आईनं डाळ पुन्हा धुतली. ती आधीच स्वच्छ होती.

“सगळंच नाही असं नाही. मधलं दिसत नाही. कडेकडेचं दिसतं. समोर माणूस उभा राहिला की खांदे दिसतात, दारं-खिडक्या दिसतात. तोंडाच्या जागी धुकं.”

“कधीपासून?”

“तू परीक्षा दिलीस तेव्हा सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, मधलं आणखी जाईल.”

“आणि ते घड्याळाकडे बघतात ते?”

“घड्याळाकडे कोण बघतंय,” आई म्हणाली. “मान तिकडे वळवली की तू कडेला येतेस. तेव्हाच दिसतेस थोडीशी.”

पातेल्यात डाळ खाली बसत होती. ती त्याच्याकडे बघत राहिली. वाफेवर पाकीट धरणारे स्वतःचे हात तिला आठवले आणि ते कुठे ठेवावेत ते कळेना.

“मला सांगितलं का नाहीत?”

“शपथ घातली यांनी. म्हणाले, सांगितलं तर ती राहील. आणि राहिली तरी मला दिसणार आहे थोडीच. मग जाऊ दे ना तिकडे. निदान तिला तरी काहीतरी दिसेल.” आईनं पदरानं नाक पुसलं. “मी म्हटलं, फोटो तरी बाहेरून काढून आणू दे तिला. तर दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी.”

ती परत स्टुडिओत आली. बाबा कात्रीची धार अंगठ्यानं तपासत होते. फोटो कापायच्या तयारीत होते.

“बाबा, हा नको. आणखी एक काढा.”

“का? हा चांगलाय.”

“मी जीभ काढली होती.”

बाबांनी कात्री खाली ठेवली. ती नीट सरळ ठेवली, मग पुन्हा जरा सरळ केली.

“किती?”

“हनुवटीपर्यंत.”

“लेन्स तडकली असेल,” बाबा म्हणाले.

यावर दोघंही हसायचे असतात. रिवाज होता. तिनं प्रयत्न केला, बाबांनीही केला, आणि मग दोघांनी तो विषय एकमेकांच्या संमतीनं सोडून दिला.

“बस,” बाबा म्हणाले.

“मी तीन म्हटलं की दाबा.”

“फोटो कोण काढतंय?”

“तुम्ही.”

“मग मोजणारी तू कोण?”

“डोळे उघडे ठेवणारी.”

बाबा कॅमेऱ्यामागे गेले नाहीत. ते मधे उभे राहिले आणि त्यांनी मान घड्याळाकडे वळवली. त्यात सेल नव्हता, ते केव्हाचं बंद होतं.

“हलू नकोस,” ते म्हणाले.

“कॅमेरा तिकडे राहिला.”

“माहितीये. बघतोय.”

ती हलली नाही. हसली नाही. तोंड बंद ठेवलं, दोन्ही कान दिसू दिले. बाबा घड्याळाकडे तोंड करून तिला बघत होते आणि ते बघणं लवकर संपेना. पडद्यामागे भांड्यांचा आवाजही थांबला होता.

“बाबा, मी नाही गेले तर?”

“तर फोटोचे पैसे घेईन. घरच्यांना फुकट असतो तो जाणाऱ्यालाच.”

“तुमच्या दुकानाचं काय?”

“लग्नाचे फोटो काढीन. तिथे कुणीच कुणाचा चेहरा बघत नाही, साड्या बघतात. साड्या मला दिसतात.” त्यांनी बोटांनी कॅमेरा चाचपून हातात घेतला. “मोज.”

तिनं मोजलं. तीन म्हणेपर्यंत आणि त्यानंतरही तिनं पापणी पडू दिली नाही. डोळे चुरचुरले, भरले, पण तिनं ते जसेच्या तसे उघडे ठेवले. फ्लॅश पडला. बाबांनी या वेळी स्क्रीन बघितली नाही, कॅमेरा तिच्यापुढे धरला.

“तू बघ. डोळे?”

“उघडे.”

“कान?”

“ते काय जातायत कुठे.”

बाबांनी फोटो कापले. कात्री त्यांनी चालवली, फोटोची कड तिनं धरली. पाकीट चिकटवलं, शिक्का मारला. शिक्का जरा तिरका बसला. तिनं तो तसाच राहू दिला.

खिडकीवरच्या बाईंनी पाकीट उघडलं आणि फोटो उजेडात धरला.

“डोळे ओले दिसतायत.”

“हो.”

बाईंनी काचेखालचा नियमांचा तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला, मग खालपासून वर. “उघडे पाहिजेत असं लिहिलंय. कोरडे पाहिजेत असं काही नाही.” आणि त्यांनी शिक्का मारला. तो सरळ बसला. “शेवटचा रकाना रिकामा ठेवलाय तुम्ही. काही सांगायचं नसेल तर ‘नाही’ लिहा. रिकामा चालत नाही.”

रकान्यावर छापलेलं होतं: अर्जदारास अन्य काही निवेदन करावयाचे असल्यास. तिच्यामागे रांग होती, पेन दोरीनं बांधलेलं होतं आणि दोरी आखूड होती. तिनं वाकून लिहिलं:

‘सविनय निवेदन की, चेहरा चौकटीच्या मध्यभागी असावा, या नियमातून सदर अर्जदारास सूट मिळावी. अर्जदाराच्या वडिलांना मध्यभागातले दिसत नाही. तरी परदेशातील वास्तव्याच्या संपूर्ण काळात अर्जदारास वडिलांच्या नजरेच्या कडेला, घराच्या भिंतीवरील बंद घड्याळाशेजारी, बसून राहण्याची परवानगी देण्यात यावी, ही नम्र विनंती. सोबत पासपोर्ट आकाराचे दोन फोटो जोडले आहेत. दोन्ही कान दिसत आहेत.’