चाळणीतून आलेली देवी

केदारखेड्याच्या बाजारतळावर टिनाच्या शेडात त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. बाया पुढे, पुरुष मागे, आणि सगळ्यांचे डोळे एका पांढऱ्या जीपच्या उघड्या डिकीकडे. तिथे लाल कपड्याने झाकलेली मोठी पेटी होती. पेटीला एक गोल भोक, भोकासमोर समई, शेजारी तांदळाची थाळी. हुंकारनाथ महाराजांनी हात वर केला आणि पत्रे थरथरले. थाळीतले तांदूळ उड्या मारू लागले, समईची ज्योत आत-बाहेर झुलू लागली. कानाला धड काही ऐकू येत नव्हतं, पण छातीत कुणीतरी मुसळाने कांडत होतं.

"कानानं ऐकू नका," महाराज म्हणाले. "देवी कानाला ऐकू येत न्हाई. ती छातीत येती."

मला हसू आलं. हेच वाक्य मी माझ्या गिऱ्हाइकांना ऐकवते. नवीन जालन्यात स्टेशनजवळ माझं गाड्यांना साउंड बसवायचं दुकान आहे. माणसं येतात आणि आधी विचारतात, "मालक कुठाय?" मालक मीच, अक्षता.

पण हसू टिकलं नाही. जिच्यासाठी मी इथवर आले होते ती माझी शाळेतली मैत्रीण तृप्ती पहिल्याच रांगेत बसली होती आणि तिच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी होती. तृप्तीला लहानपणापासून फिट येते. रोजची गोळी घेतली की ती ठणठणीत असते. महाराजांनी तिच्या सासूला, दुर्गाबाईंना, सांगितलं की गोळी आणि देवी एका अंगात नांदत नाहीत. गोळ्या बंद झाल्या. सहाव्या दिवशी तृप्ती भाकरी करता करता चुलीवर पडली. त्यावरही महाराजांचं उत्तर तयारच होतं: देवी चटका देऊनच शुद्ध करते, अजून अकरा दिवस धीर धरा. अकरा दिवसांत ती विहिरीत पडली असती तर महाराजांनी त्याचाही अर्थ सांगितला असता.

मी दुर्गाबाईंच्या शेजारी बसले आणि आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चला म्हणाले. बाई वाईट नव्हत्या. सुनेसाठी त्यांनीच उपास धरले होते.

"मला बी छातीत येऊन राह्यलं ना पोरी," त्या कुजबुजल्या. "मंग खोटं कसं म्हणू?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. छातीत येत होतंच, माझ्याही. तेव्हा वाद घालून उपयोग नव्हता. मी नीट बघायला लागले. देवी हुंकारली की जीपची मागची नंबर प्लेट खडखडत होती. हा खडखडाट माझ्या ओळखीचा. गाडीत मोठा स्पीकर बसवला की पहिली तक्रार नंबर प्लेटची येते, मग मी तिच्यामागे स्पंजची पट्टी लावून देते. महाराजांच्या फिटरने ती लावलेली नव्हती. शिवाय देवीच्या हुंकाराला ठेका होता, चक्क वरातीचा.

मग डोक्यात प्रकाश पडला. जाड आवाजाच्या स्पीकरला एक फिल्टर असतो, क्रॉसओव्हर. मी गिऱ्हाइकांना सांगते की ही उलटी चाळणी आहे. गाणाऱ्याचा गळा, झांज, टाळी असं सगळं बारीक वरच अडतं आणि जाड तेवढं खाली पडतं. साध्या गाडीत ती ऐंशीच्या आसपास लावतात. म्हणजे सेकंदाला ऐंशीपेक्षा जास्त वेळा थरथरणारा आवाज अडतो. यांनी ती पार चाळीसला नेली असणार. गाणं गेलं, धक्का उरला. पेटीच्या भोकातून हवा येते-जाते, ज्योत तिनेच झुलते.

आता पेटीला हात कसा लावायचा? महाराजांचा नियम कडक होता: पुरुषाने पेटीजवळ यायचं नाही, ओटी फक्त बायांनी भरायची. गावातल्या निम्म्या पोरांना गाडीचा साउंड कळतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बायांना कळत नाही, हेही त्यांनी पक्कं धरलं होतं.

मी दुर्गाबाईंच्या हातातला नारळ घेतला आणि उठले.

पेटीसमोर वाकून ओटी ठेवली, दुसरा हात कपड्याखाली घातला. ॲम्प्लिफायर हाताला लागला. किल्ल्यांच्या जुडग्याला माझा छोटा स्क्रूड्रायव्हर कायम असतो. चाळणी कमी-जास्त करायच्या स्क्रूची खाच चाचपली आणि शेवटपर्यंत उजवीकडे फिरवली.

देवीला कंठ फुटला. गोधडीतून बोलल्यासारख्या घोगऱ्या आवाजात ती म्हणाली, "डीजे मिथुन भोकरदनवाला! वाजणार म्हंजे वाजणारच!"

मागे हात जोडून बसलेला एक पोरगा ताडकन उभा राहिला. तो खुद्द मिथुन होता. "हे तर माझं वरातीचं गाणं हाय," तो म्हणाला. स्वतःच्याच ठेक्याला तो चार दिवस नमस्कार घालत होता.

जीपचा ड्रायव्हर गाणं वाजवणारा मोबाइल बंद करायला धावला, तो मिथुनने काढून घेतला. महाराज सावरत म्हणाले, देवी कोणत्याही रूपात बोलते, शंका घेणाऱ्याचा वंश बुडतो. दोन-चार जणांनी माना डोलावल्याही. सवय लवकर जात नाही.

तेवढ्यात दुर्गाबाई पुढे आल्या. "मला दाव," त्या म्हणाल्या.

मी लाल कपडा ओढून काढला आणि स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हातात दिला. खाच डावीकडे फिरवली की देवी, उजवीकडे फिरवली की वरात. त्यांनी तीनदा करून पाहिलं. मग त्यांनी ओटीतला नारळ उचलून पिशवीत टाकला.

"गोळ्या पिठाच्या डब्यात लपवल्यात म्या," त्या तृप्तीला म्हणाल्या आणि मला म्हणाल्या, "गाडी काढ. आधी घरी, मंग दवाखान्यात."

दुर्गाबाईंना मी आजही मूर्ख म्हणणार नाही. छातीत धडधडलं, ते खरंच होतं. फक्त ते कुठून आलं, हे त्यांनी विचारलं नव्हतं. तेवढं विचारा. मोठ्या माणसाला विचारा, जटावाल्याला विचारा, सगळा गाव हात जोडून बसला असला तरी विचारा. आणि कुणी म्हणालं की इथे हात लावायचा नाही, तर आधी तिथेच लावा.