हिरवी भिंत

कायम झाल्या तर बाईंच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या. पहिली म्हणजे शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटात कुलूप लागणारा एक खण. आठ महिने त्यांची पुस्तकं खिडकीच्या कट्ट्यावर पडून होती. दुसरी म्हणजे 'नव्या बाई' ही उपाधी गळून पडणं. तिसरी आणि खरी गोष्ट म्हणजे भाड्याची का होईना, स्वतःची खोली. घरमालक कायम नोकरीचं पत्र पाहिल्याशिवाय किल्ली काढायला तयार नव्हता, त्यामुळे बाई ताईच्या बाहेरच्या खोलीत घडीच्या खाटेवर झोपत होत्या. भाऊजी तसे देवमाणूस. रोज सकाळी फक्त एवढंच विचारायचे, "काय मग, आलं का पत्र?" आणि उत्तर ऐकायच्या आत खाटेची एक बाजू उचलायचे.

हे सगळं आता एका तासावर येऊन ठेपलं होतं. जेवणाच्या सुट्टीनंतर तपासनीस साहेब बाईंचा गणिताचा तास बघणार होते. "आज भिंत हिरवी दिसली पाहिजे बरं का," मोठ्या बाई सकाळपासून तीनदा सांगून गेल्या होत्या. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. संस्थेच्या बाकीच्या शाळांना टॅब्लेट द्यायचे की नाही हे याच वर्गावरून ठरणार होतं, आणि त्यांनी वर्गाचं कौतुक वरपर्यंत आधीच पोचवून ठेवलं होतं.

भिंतीची गंमत अशी होती. बत्तीस मुलं, प्रत्येकाच्या हातात टॅब्लेट. पडद्यावर एक गणित यायचं आणि चार कोपऱ्यांत चार उत्तरं. मुलाने एक कोपरा दाबला की समोरच्या भिंतीवर त्याच्या नावाचा चौकोन रंगायचा, बरोबर असेल तर हिरवा, चूक असेल तर लाल. नावं दाखवायलाच हवीत असं काही नव्हतं. टॅब्लेट कसे वापरायचे ते शिकवायला आलेल्या माणसाने तर ती बंदच ठेवून दिली होती. बाईंनी ती स्वतः सुरू केली. "जरा चुरस लागते," त्या म्हणाल्या होत्या.

चुरस लागली. पहिले दोन महिने अर्धी भिंत लाल असायची, आणि मागच्या बाकावरच्या एका मुलाचा चौकोन इतक्यांदा लाल झाला की पोरांनी त्याचं नावच टमाटा ठेवलं. मग तिसऱ्या महिन्यात भिंत हिरवी झाली आणि, दोन दिवस सोडले तर, हिरवीच राहिली. बाईंनी याचं श्रेय कुणाला दिलं असेल ते सांगायला नको. कौतुक आपलं असलं की माणूस हिशेब उलटून तपासत नाही.

आज मात्र नशीब आडवं आलं. सुट्टीत सगळं नीट चालतंय ना ते बघताना बाईंचं बोट घसरलं, त्यांच्या टॅब्लेटवरचा उत्तरांचा तक्ता बाजूला सरकला, आणि उजवीकडे कधीच न पाहिलेला एक रकाना दिसला: उत्तराला लागलेला वेळ. पहिल्या बाकावरच्या मुलीला लागले होते एक्केचाळीस सेकंद. बाकी एकतीस जणांना त्रेचाळीस ते पन्नास. पुढच्या गणिताला तिचे बावीस, बाकीच्यांचे चोवीसपासून पुढे. बाईंनी मागचे आठवडे काढले. एकही मूल कधीही तिच्या आधी नव्हतं. ती तापाने दोन दिवस आली नव्हती, तेव्हा भिंत अर्धी लाल. ते दोन दिवस मुलांचं लक्ष नव्हतं, असं बाईंनी वहीत लिहून ठेवलं होतं.

बाई वर्गाच्या दारात गेल्या आणि डबा खात बसलेल्या त्या मुलीला त्यांनी हाक मारली. मुलगी अकरा वर्षांची, पण सगळ्यांच्या चुकलेल्या वस्तू सांभाळणारी, भांडणं मिटवणारी, म्हणून वर्ग तिला मावशी म्हणायचा.

"उत्तरं कशी सांगतेस गं?"

मावशीने घास गिळला. "रागावणार नाही ना, बाई?"

"आधी सांग."

"पाण्याची बाटली. बाकाच्या ज्या कोपऱ्यावर ठेवली, तो कोपरा दाबायचा."

"त्यांनी तुला करायला लावलं?"

"छे! मीच म्हटलं. टमाटा लाल झाला की सगळे हसायचे, मग तो दोन-दोन दिवस यायचाच नाही. आधी त्याच्यापुरतंच होतं. मग बाकीचे म्हणाले, आम्ही काय घोडं मारलंय?" तिने डब्याचं झाकण लावलं. "आणि भिंत हिरवी झाली की तुम्ही किती खूश असता, बाई. ओरडत पण नाही."

बाहेर घंटा झाली. व्हरांड्यातून मोठ्या बाईंचा पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला आवाज जवळ येऊ लागला.

मावशीने हळूच विचारलं, "आज ठेवू का बाटली?"

हो म्हणावं तर लबाडी. नाही म्हणावं तर नोकरी.

"तुला वाटेल तसं कर," बाई म्हणाल्या, आणि आपलं सगळं ओझं पोरीच्या दप्तरात टाकून वर चेन लावून मोकळ्या झाल्या.

तास सुरू झाला. साहेब अंगाने काटकुळे, बोलायला मऊ. मागे खुर्चीवर बसले. पहिलं गणित, भिंत हिरवी. दुसरं, हिरवी. मोठ्या बाई साहेबांकडे अशा बघत होत्या, जणू भिंत त्यांनीच रंगवली होती. पण साहेब भिंतीकडे बघतच नव्हते. ते मुलांच्या माना बघत होते, आणि माना प्रत्येक वेळी एकाच बाकाकडे वळत होत्या. बाईंना ते दिसलं आणि त्यांनी घाईघाईने पुढचं गणित लावलं.

तिसरं गणित आलं. टाकीचा तीन पंचमांश भाग पाण्याने भरलेला आहे, त्यातलं निम्मं पाणी वापरलं, तर टाकीचा किती भाग भरलेला उरला?

"जरा थांबा," साहेब म्हणाले. "टॅब्लेट खाली ठेवा सगळ्यांनी. हे फळ्यावर कोण सोडवेल? तू ये, बाळ." आणि नेमकं बोट गेलं ते टमाट्याकडे.

टमाटा फळ्यापाशी गेला. खडू हातात घेतला. त्याने वळून पाहिलं. मावशीची बाटली सवयीनेच उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यावर गेली होती. टमाट्याचा चेहरा उजळला. तो टाचा उंचावून उभा राहिला, फळ्याच्या उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यात त्याने एक ठळक ठिपका दिला, आणि हात झटकून बाजूला झाला.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"उत्तर," टमाटा म्हणाला.

पोरं हसली. साहेब हसले नाहीत. मावशी बाकावरून उठून उभी राहिली होती.

"साहेब, मी सांगते सगळ्यांना उत्तरं. बाटलीने. बाईंना काही माहीत नाही."

"काय?" मोठ्या बाईंचा आवाज चिरकला. "बाहेर हो! आधी बाहेर हो वर्गाच्या!"

मावशी निघाली. दारापाशी तिने मागे वळून पाहिलं. बाई टॅब्लेटवरची धूळ पुसत होत्या. धूळ नव्हती. दार लागलं.

"बाई," साहेब मऊपणे म्हणाले, "तुम्हाला खरंच काही कल्पना नव्हती?"

सुटका इतकी सोपी करून कुणी हातात देत नाही. 'नव्हती' एवढंच म्हणायचं होतं. मोठ्या बाई तर मान हलवून तो शब्द त्यांच्या तोंडून जवळजवळ ओढून काढत होत्या. फळ्यापाशी टमाटा अजून उभा होता. आता कोणता रंग आला हे बघायला तो भिंतीकडे पाहत होता.

"होती," बाई म्हणाल्या. "सुट्टीत कळलं. तिने मला विचारलं, आज करू का म्हणून. मी नाही म्हटलं नाही. आणि लाल झालेली नावं सगळ्यांना दिसावीत, ही अक्कल माझीच. मुलांनी फक्त त्यातून वाट काढली."

मग त्यांनी टमाट्याला जवळ घेतलं आणि फळ्यावर टाकी काढली. ती पाच भागांत वाटून, त्यातले तीन रंगवून, रंगवलेलं निम्मं पुसलं. तीन दशांश हे उत्तर टमाट्याने स्वतः काढलं. साडेचार मिनिटं लागली.

शेवटी दंड म्हणून कुणी काय भरलं?

साहेबांनी काहीच नाही. चहा घेऊन, शेरा लिहून गेले. मोठ्या बाईंनीही नाही. यंत्रात दोष नाही असं शेऱ्यात होतं, टॅब्लेट बाकीच्या शाळांना मिळाले. टमाट्याने एक दिवसाची गैरहजेरी भरली, मग आला. भिंतीवरची नावं गेली होती. बाईंची नोकरी टिकली, पण कायम व्हायचं एक वर्ष पुढे गेलं. ते वर्ष त्यांनी निमूट भरलं.

मावशीला आईला घेऊन यावं लागलं. पण ते फार नव्हतं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पोरांनी तिला घेरून सांगितलं, "अगं, बाईंनी कबूल केलं! म्हणाल्या, मला माहीत होतं!"

"कधी?" मावशीने विचारलं.

"तू बाहेर गेल्यावर."

"बरं," ती म्हणाली आणि डबा उघडला. वर्षाच्या शेवटापर्यंत तिची सगळी गणितं बरोबर आली. बाईंना मात्र तिने परत कधीच काही विचारलं नाही.