एकोणीस पट्ट्या

नीरजाने मार्च महिन्याच्या पट्ट्या तारखेप्रमाणे टेबलावर एकाखाली एक मांडल्या आणि फूटपट्टी उभी धरून पाहिली. चार तारखेपर्यंत जळकी रेघ रोज थोडी थोडी खाली सरकत होती. पाचला ती थांबली. तेवीसपर्यंत तिथेच. चोवीसला एकदम सेंटीमीटरभर खाली.

तिने पुन्हा मोजलं. मग दारातून हाक मारली.

"सखारामकाका, जरा आत या."

सखाराम बाहेर चौथऱ्यावरचा काचेचा गोळा पुसत होता. पूर्णगडच्या वर, उघड्या कातळाच्या सड्यावर हे ऊन मोजायचं एका खोलीचं केंद्र होतं. गोळ्यातून गोळा झालेलं ऊन मागच्या कागदी पट्टीवर दिवसभर एक रेघ जाळत जाई. ढग आला की तेवढी जागा कोरी राही. रोज सूर्य बुडाला की सखाराम पट्टी बदलायचा. महिन्यातून एकदा नीरजा रत्नागिरीहून येऊन पट्ट्या न्यायची आणि उन्हाच्या तासांवरून इथल्या एका चौरस मीटरवर सूर्याची किती ऊर्जा पोचते ते काढायची. विजेवर चालणारं मोजयंत्र फेब्रुवारीत बिघडून पुण्याला गेलं होतं, ते अजून आलं नव्हतं. आता या पट्ट्याच काय त्या होत्या.

सखाराम आला. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला.

"गाव तुम्हाला सूर्याचा मुकादम म्हणतं ना?" नीरजा म्हणाली. "मग सांगा मुकादम, तुमचा गडी एकोणीस दिवस जागचा हलला का नाही?"

सखारामने पट्ट्यांकडे पाहिलं. टॉवेल सोडून हातात घेतला. डोक्यावर नुकते केस फुटू लागले होते.

"बायको गेली माझी, हौसा," तो म्हणाला. "मुंबईच्या इस्पितळात होतो मी. पाच तारखेला नेली, बावीसला गेली."

नीरजाने फूटपट्टी खाली ठेवली. ती म्हणाली, "मला कळवायचं ना काका."

"तुम्हीच सांगितलंत ना, एक दिवस गेला की वर्ष गेलं."

तिने सांगितलं होतं. जूनपर्यंत सलग वर्षाची नोंद झाली नाही तर केंद्र बंद, असं मुख्य ऑफिसचं पत्र तिने त्याला वाचूनही दाखवलं होतं.

"दिवस केले, त्यातल्या उदबत्त्या उरलेल्या," सखाराम म्हणाला. "चार तारखेची पट्टी समोर ठेवली नि तशीच रेघ जाळली. सगळ्यांवर. मार्चात ऊन रोजचंच, म्हटलं कोणाला कळतंय! रेघ खाली उतरते ते नाय माझ्या ध्यानात आलं."

"सूर्य उत्तरेकडे वर चढतो, म्हणून रेघ खाली जाते."

"उलटं?"

"उलटं."

त्याने मान हलवली. मग टॉवेलच्या टोकाने टेबलाची कड पुसली, तिथे धूळ नसताना.

नीरजाने मासिक अहवालाचा कागद पुढे ओढला. एकोणीस चौकटी. प्रत्येकीत 'नोंद नाही' असं लिहायचं होतं. तिने पेनाचं टोपण काढलं, थोडा वेळ धरून ठेवलं आणि परत लावलं. उठून कपाटातला कोऱ्या पट्ट्यांचा गठ्ठा आणला. वहीत प्रत्येक तारखेसमोर सूर्याचा कोन मांडला, त्यावरून रेघेची जागा मिलिमीटरमध्ये काढली आणि प्रत्येक पट्टीवर पेन्सिलीने बारीक खूण केली.

"उदबत्त्या आहेत अजून?"

सखारामने तिच्याकडे पाहिलं. मग कोनाड्यातला पुडा काढून दिला.

पहिली रेघ ओढतानाच तिला कळलं, की वर्षभराच्या आपल्या आकड्यांना आता काही अर्थ उरला नाही. तरी ती रेघ ओढत राहिली. सकाळची बारीक सुरुवात, दुपारचा जाड भाग, संध्याकाळी पुन्हा बारीक. सखारामने कधी केली नसती इतकी खरी रेघ. पाच. सहा. सात. खोलीत वास भरला तेव्हा सखारामने खिडकी उघडली आणि तिथेच, तिच्याकडे पाठ करून उभा राहिला.

अठरावी पट्टी आली. बावीस मार्च.

"मॅडम."

"हं?"

"त्या दिवशी थोडे ढग ठेवा."

"चालेल. किती वाजता?"

"तीनला गेली ती."

नीरजाने सकाळपासून रेघ ओढत आणली. बारा, एक, दोन. पट्टीवर छापलेल्या तीनच्या उभ्या ओळीवर तिने उदबत्ती उचलली.

"परत कितीला टेकवू?"

सखाराम खिडकीबाहेरच बघत उभा होता. तिने उदबत्ती पट्टीवरून थोडी बाजूला घेतली आणि वाट पाहत राहिली. राख लांब होत गेली.