वाट बघणारीचे केस

"टकल्याचे केस? देवीला मी टकल्याचे केस वाहू?" यासाकुकाकांनी हातातली पटाशी फळीवर आपटली. "अख्ख्या बंदरातल्या बोटींत देवी बसवली या हातांनी. अशी थट्टा कुणी केली नव्हती माझी!"

ज्यांच्यावरून हे चाललं होतं ते कोहेइ मास्तर बोटीच्या सावलीत मान खाली घालून उभे होते. सावलीतही त्यांचं डोकं चकाकत होतं. गावच्या शाळेतला हा माणूस स्वभावाने लाखात एक, पण माझ्या धंद्याला अगदी कुचकामी. आमच्या तोमारिउरा गावात केस कापायचं दुकान एकच, ते माझं, आणि मास्तर कधी त्याची पायरी चढले नाहीत.

मला कात्री घेऊन यायला यासाकुकाकांनीच सांगितलं होतं. बोटीचा मालक बदलला की देवी बदलावी लागते, आणि नव्या मालकिणीची बट कापायला मीच जाते. आमच्याकडे देवीशिवाय बोट पाण्यात उतरत नाही. लाकडाची असो नाहीतर आताची फायबरची, डोलकाठीच्या बुंध्याशी आमचे सुतार, यासाकुकाका, एक खाच करतात आणि तिच्यात एक छोटी डबी ठेवतात. डबीत कागदाच्या दोन बाहुल्या, दोन फासे, चिमूटभर तांदूळ आणि मालकाच्या बायकोचे केस. हीच देवी. भरती पुरी चढायच्या आत खाच बंद करायची. ज्या बोटीत देवी नाही तिच्या शेजारी आपली बोट बांधायलासुद्धा कुणी धजत नाही.

ही बोट, तोयोमारू, मिनेयोकाकूंच्या नवऱ्याची, तोराझोकाकांची. ते वारले तेव्हापासून ती धक्क्याजवळच्या उतारावर ओढून ठेवलेली होती. काकूंचा मुलगा ओसाकाला असतो. बोट अशी पडलेली त्याला बघवत नव्हती, म्हणून त्याने ती मोडीत काढायचं ठरवलं. उद्या सकाळी मोडवाल्याची गाडी यायची होती. आणि तेवढ्यात तोफूवाल्याची मुलगी चिनात्सु उभी राहिली, म्हणाली बोट मी चालवते. मुलगा म्हणाला, उद्या गाडी यायच्या आत ती पाण्यात दिसली तर तुझी, नाहीतर मोडीत.

चिनात्सु म्हणजे आमच्या कोहेइ मास्तरांची बायको. दुसऱ्यांच्या बोटींवर जाळी ओढून ओढून तिचे हात घट्ट झालेत आणि जीभ थेट माझ्यासारखी आहे. आमच्या गावात बोटीची मालक झालेली ही पहिली बाई. मच्छीमार संघातल्या म्हाताऱ्यांनी आधी नाकं मुरडली, मग समुद्रात जायला दुसरं उरलंय कोण हे बघून मुकाट्याने माना डोलावल्या. सगळं सुरळीत झालं होतं. मग यासाकुकाकांनी तोंड उघडलं.

"काका, बोट माझी," चिनात्सु म्हणाली. "मीच मालक आणि मीच मालकीण. कापा माझे केस आणि मोकळे व्हा."

"आणि तू समुद्रात गेल्यावर तुझी वाट कोण बघणार? तूच?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! किनाऱ्यावर कुणीतरी वाट बघत असतं, तिच्या केसांना धरून बोट घरी येते. बोटीतलीचेच केस बोटीत ठेवले तर घरी यायचं कारणच उरलं नाही. तू आणि देवी, दोघी जाल कुठेतरी हुंदडत."

"वाट मी बघीन ना," मास्तर हळूच म्हणाले. "रोजच बघतो."

"बघा की, कोण नको म्हणतंय? पण केस कुठायत?"

"मिशी वाढवतो."

"मोडवाला उद्या येतोय, मास्तर. थांबेल तो तुमच्या मिशीसाठी?"

"भुवया आहेत," मी सुचवलं.

"फुमिएताई, तू गप गं!" चिनात्सु माझ्यावर खेकसली. मग नवऱ्याकडे वळली. "तुझ्या आईचे?"

"आई डोंगरातली. समुद्र नुसता लांबून दिसला तरी तिला मळमळतं."

"राहू दे," यासाकुकाका म्हणाले. "मळमळणारी देवी नको."

मला हसू येत होतं, पण चिनात्सुचा चेहरा बघितला आणि आवरलं. पाणी उताराच्या खालच्या दगडांना लागलं होतं आणि वर चढत होतं. ती बोटीच्या कडेला हात ठेवून उभी राहिली. "मग बिनदेवीची नेते," ती म्हणाली. पण ती याच गावात जन्मलेली पोर. बिनदेवीची बोट नेणं आपल्याच्याने होणार नाही, हे तिलाही ठाऊक होतं.

मिनेयोकाकू इतका वेळ बाजूला उलट्या खोक्यावर बसून ऑक्टोपस पकडायच्या मडक्यांचे दोर सोडवत होत्या. बोट त्यांची, नवरा त्यांचा, पण सकाळपासून त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. आता त्यांनी दोर खाली ठेवला.

"यासाकु, आधी जुनी बाहेर काढ. भांडा मग हवं तेवढं."

यासाकुकाकांनी पटाशी लावून खाच उघडली आणि डबी काढून काकूंच्या हातात दिली. झाकण निघालं. लाल दोऱ्याने बांधलेली बट होती आत. काळीभोर, जाड, कालच न्हायल्यासारखी तकतकीत. मी आयुष्यभर लोकांचे केस हाताळलेत, पण अशी बट कधी हाती आली नाही. काकूंच्या डोक्यावर आता कापसासारखा एक लहानसा अंबाडा आहे.

"बाई बाई," काकू म्हणाल्या. "केवढे होते गं माझे केस."

यासाकुकाकांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "मिनेयो, एक करू. हेच परत ठेवतो. आपण सोडून कुणाला कळणार नाही."

हा माणूस आयुष्यभर नियम धरून जगला. त्याने असं म्हणावं म्हणजे बोट मोडताना बघणं त्यालाही झेपणार नव्हतं. चिनात्सुने आशेने काकूंकडे पाहिलं.

"नको," काकू म्हणाल्या. "हे काही कामाचे नाहीत."

"का? इतकी वर्षं चालले की!"

"नशिबाने चालले. हे कापले तेव्हा मी नुकती लग्न होऊन आलेली. नुसती आईच्या नावाने रडत होते. तोराझो पहिल्यांदा बोट घेऊन गेला त्या दुपारी वारा सुटला, आणि मी कुठे होते? घरात ढाराढूर झोपलेली! सासूने दंडाला धरून उठवलं आणि ओढत धक्क्यावर नेलं. वाट बघणं काय असतं, हे तेव्हाच्या त्या पोरीला कुठं माहीत होतं?" त्यांनी बट परत डबीत ठेवली, अंबाड्याचा आकडा काढला आणि पाठ माझ्याकडे केली. "फुमिए, हे काप. हे शिकलेले केस आहेत."

माझी कात्री खिशातच राहिली. चिनात्सु पुढे आली.

"काकू, असं कसं? मी तुमची ना मुलगी, ना सून. आणि एकदा केस दिले की रोज धक्क्यावर यावं लागेल. थंडीवाऱ्यातसुद्धा. तुम्हाला झेपेल का?"

"मग घरात बसून काय करू? टीव्हीची वाट बघू?" काकू तिच्याकडे न वळताच बोलल्या. "हे बघ पोरी, समुद्राने माझा नवरा मला दर वेळी परत दिला. वादळातसुद्धा दिला. नेला तो इस्पितळाने. आणि तिथे मला वाटसुद्धा बघू दिली नाही. भेटायची वेळ संपली म्हणाले, घरी जा, सकाळी या. मी गेले. सकाळी आले तर हा नव्हताच. माझी एक वाट बघायची राहून गेली, चिनात्सु. ती कुठेतरी पुरी करायचीय मला."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. चिनात्सुने कमरेत वाकून मान झुकवली, ती कितीतरी वेळ वर केलीच नाही.

यासाकुकाका मात्र डोकं खाजवत होते. "नियमात बसतं का हे?"

"नियम गावात कुणाला माहीत आहेत?" काकूंनी विचारलं.

"मला एकट्याला."

"मग बसव."

मी बट कापली. पांढरे, विरळ केस होते. दोऱ्यात धरताना सुळकन निसटत होते, म्हणून तीन वेढे जास्त घेतले. देवी बसवताना कुणी बघायचं नसतं, तेव्हा काकांनी आम्हाला हाकलून लावलं. ठोकाठोकीचा आवाज तेवढा आला. मग त्यांनी जुनी डबी पाण्यात सोडायला मागितली. काकूंनी दिली. लगेच नाही, पण दिली. चढत्या भरतीत तोयोमारू उतारावरून घसरली आणि पाण्यात टेकताच एकदा डावीउजवीकडे डुलली. आम्ही सगळे वेड्यासारखे ओरडलो. यासाकुकाका सगळ्यांत मोठ्याने.

दुसऱ्या दिवशी मोडवाल्याची गाडी आली आणि रिकामीच परत गेली. चिनात्सु पहाटेच बाहेर पडली होती. दुपारी वायव्येचा वारा सुटला. बाकीच्या बोटी एकेक करून आत आल्या, बायकांनी दोर झेलले, मासळी उतरली, आणि तोयोमारूचा पत्ता नव्हता. मी एका गिऱ्हाइकाला अर्ध्या कापलेल्या डोक्यानिशी खुर्चीत बसवून धक्क्यावर धावले. मिनेयोकाकू टोकाला उभ्या होत्या. ना येरझारा, ना देवाचा धावा. डोक्याला रुमाल बांधलेला, डोळे लाटांवर, पाय घट्ट रोवलेले. त्यांच्या जवळ उभं राहिल्यावर माझाही जीव जरा ठिकाणावर आला.

धक्क्याच्या भिंतीपलीकडून शेवटी ती डोलकाठी वर आली, खाली गेली, परत वर आली.

बर्फाच्या गाडीचा नवा ड्रायव्हर तिथेच उभा होता. परगावचा माणूस. त्याने बोटीतल्या बाईकडे बघितलं, काकूंकडे बघितलं. "आजी, मुलगी का तुमची?"

"नाही," काकू म्हणाल्या. "केस माझे आहेत."

आणि दोर झेलायला पुढे झाल्या.