गोड माती

शरदातली संध्याकाळ. पश्चिमेला केशरी आभा, आकाश निरभ्र, आणि खाली ओढ्याकाठच्या काळ्याभोर शिवारावर एक निळसर, निस्तेज, परका उजेड. नांगर नुकताच फिरून गेला होता, पण त्याच्या मागे बगळे उतरले नव्हते. ढेकूळ फोडावं तर आत गांडूळ नाही, किडा नाही, मुंगी नाही. टेकडीपलीकडे जुन्या बॅटऱ्या वितळवणारी भट्टी होती, तिची राख पावसापावसाने ओढ्यात उतरे आणि ओढा या शिवाराला पाणी पाजी. नवल कुणालाच वाटलं नव्हतं.

रेवतीला सातवा महिना लागला होता आणि डोहाळे लागले होते मातीचे. तिकडची रीतच अशी, की सासूने आपल्या हाताने ढेकूळ आणावं, तव्यावर खरपूस भाजावं आणि सुनेच्या ओंजळीत ठेवावं.

"पोटातला जीव मागतोय. त्याला न्हाई म्हनू न्हाई," तिची सासू गजराबाई म्हणायची.

मळ्यातली माती रेवतीने थुंकून टाकली. माळावरची तिला तुरट लागली. मग ओढ्याकाठची आली, आणि रेवतीचे डोळे आपोआप मिटले. ती गोड होती. शांत, शीतल, जिभेवर रेंगाळणारी गोडी! त्या दिवसापासून रेवतीला दुसरं काही गोड लागेना. जेवण नकोसं झालं, चेहरा पांढरा पडत गेला, हिरड्यांच्या कडेला निळी रेघ उमटली. गजराबाई मात्र गल्लीभर मिरवत होती. सून तिची, नातू तिचा, आणि माती तर तिचीच!

आज माती तपासणाऱ्या बाई अंगणात आल्या, मागे ओढ्याकाठून नेलेल्या मातीचा निकाल सांगायला. गजराबाई चुलीपुढून भाजलेली ढेकळं घेऊन उठली आणि हसत म्हणाली, "आमच्या मातीची कसली परीक्षा, बाई? साखरेवानी ग्वाड हाय. सून रोज खाती."

बाईंची नजर रेवतीच्या पोटावर गेली आणि तिथेच थिजली.

"आजी, भट्टीतलं शिसं उतरलंय त्या मातीत. ती गोडी शिशाची आहे. विष आहे ते, बाळापर्यंत पोचतं. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या हिला."

गजराबाईच्या हातातली ढेकळं अंगणात पडून फुटली. "म्या भरवलं," ती पुटपुटली, "माज्या हातानं भरवलं." आणि ती ओक्साबोक्शी रडू लागली. रेवतीला तिचा राग आला नाही. तिला फक्त भीती वाटली, पोटातल्या जिवासाठी.

बाई जीप वळवायला गेल्या. वारा पडला. फुटल्या ढेकळांचा उष्ण, मंद, भाजका गंध अंगणभर दरवळला. पोटातलं बाळ सावकाश वळलं, आणि रेवतीच्या तोंडाला पाणी सुटलं.

"आत्या," ती कळवळून म्हणाली, "ते अजून मागतंय."

गजराबाईने धावत येऊन सुनेचं तोंड आपल्या तळव्याने घट्ट, घट्ट दाबून धरलं. त्या भेगाळल्या, मायाळू तळव्याच्या रेषारेषांत माती भरलेली होती. आणि मिटल्या डोळ्यांनी, मनात नको नको म्हणत, रेवतीची जीभ हळूच त्या मातीवरून फिरली.