चार नंबरचं तिकीट

"चार नंबर ठेवलाय तुमच्यासाठी," नीएवेस म्हणाली. तिच्या हातात सोडतीच्या तिकिटांचा गठ्ठा होता. आमच्या मैदानावर दर सामन्याच्या मध्यंतराला सोडतीत बक्षीस म्हणून हॅमची, खारवलेल्या डुकराची, अख्खी तंगडी निघते. "विसीने कधी दुसरा घेतला नाही, म्हणून म्हटलं."

विसी माझी बायको.

"दे," मी म्हणालो.

"मलाच दे की तो," मागून एलादिओ म्हणाला. तो पाहुण्या संघाचा कोच, दर हंगामात एकदा इथे येणारा. "माझा नंबर आहे, एवारिस्तो. जुना हक्क आहे."

"विकला गेला," असं म्हणून मी तिकीट खिशात घातलं.

अकरा वर्षं आम्ही दोघं या गावाच्या बचावफळीत शेजारी शेजारी खेळलो. त्याच्या पाठीवर चार, माझ्या पाठीवर पाच. तो वरच्या डिव्हिजनमध्ये गेला, पेपरात त्याचा फोटो आला. मी तिसऱ्या डिव्हिजनमध्येच राहिलो. गुडघा गेल्यावर याच संघाचा कोच झालो. मला त्याचा हेवा वाटायचा, पण फुटबॉलवरून नाही. लग्नाआधी गावच्या जत्रेत विसी त्याच्याबरोबर नाचायची. आणि तो गाव सोडून गेल्यावरही पंचवीस वर्षं ती सोडतीला चारच घेत राहिली.

एकदा मी विचारलं, "पाच का नाही गं घेत?"

"पाच घरी आहेच की. त्याला काय जिंकायचं?" ती म्हणाली आणि हसली.

ते हसणं मी वर्षानुवर्षं उलटसुलट करून पाहिलं. पुन्हा विचारलं मात्र नाही. आता विचारायला ती नाही. तिला जाऊन पाच आठवडे झाले.

मध्यंतराची शिट्टी झाली. मी सहायकाला म्हटलं, "आत तू बोल पोरांशी."

"मी? कोच, दोन गोल खाल्लेत आपण!"

"मग शिव्या दे."

खेळाडू असताना काय नि कोच झाल्यावर काय, प्रत्येक मध्यंतर मी ड्रेसिंग रूममध्येच काढलं. सोडत कधी पाहिलीच नव्हती. सिमेंटच्या पायऱ्या चढून मी विसीच्या जागेवर बसलो. शेजारी बसणाऱ्या पुरा नावाच्या म्हातारीने सूर्यफुलाच्या बियांची पुडी पुढे केली.

खाली नंबर पुकारला. दोनशे सतरा.

"तिला कधी लागलाच नाही चार," पुरा म्हणाली. "पण तिचं लक्ष कुठे असायचं? नंबर मीच सांगायचे. ही आपली त्या ड्रेसिंग रूमच्या दाराकडे बघत. तुम्ही बाहेर येईपर्यंत."

"मी?"

"मग कोण? पंचवीस वर्षं त्या दारातून दुसरं कोण येतंय बघण्यासारखं?"

मला बरं वाटलं. मीही त्या दाराकडे पाहू लागलो. पोरं बाहेर आली. शेवटी सहायक आला. दार लागलं.

तेवढ्यात शेजारच्या, पाहुण्या संघाच्या दारातून एलादिओ बाहेर पडला. त्याने मान वर केली आणि थेट विसीच्या जागेकडे पाहिलं. एवढ्या माणसांत त्याला ती शोधावी लागली नाही. सवयीने त्याचा हात अर्धा वर आला. मग तिथे त्याला मी दिसलो आणि हात खाली गेला.

रेफ्रीने शिट्टी वाजवली. सहायक खालून मला हाका मारत होता. माझी जागा तिथे, बाकावर होती. मी खिशातलं तिकीट मुठीत धरलं, आणि तिच्या जागेवरून उठलो नाही.